रविवारी आणलेलं बुधवारपर्यंत: कच्चं मटण, चिकन आणि मासे घरच्या फ्रिजमध्ये कसे ठेवावेत

आमच्या घरात सोमवार महादेवाचा, मंगळवार सासूबाईंच्या गणपतीचा, गुरुवार स्वामींचा आणि शनिवार मारुतीचा. म्हणजे खायला उरतात बुधवार, शुक्रवार आणि रविवार. निवांत बाजारहाट मात्र फक्त रविवारी सकाळी जमतो. त्यामुळे खाटकाकडच्या रांगेत उभं राहिल्यावर तोंडातून आपोआप निघतं, "आजचं एक किलो मटण द्या, आणि बुधवारसाठी एक किलो चिकन." हा लेख त्या दुसऱ्या किलोबद्दल आहे. रविवारी सकाळी दहा ते बुधवारी संध्याकाळी सात हे मोजून ऐंशीएक तास होतात, आणि कच्चं चिकन फ्रिजच्या खालच्या भागात, म्हणजे फ्रीझर सोडून उरलेल्या कप्प्यांत, इतके तास सुरक्षित राहत नाही. "फ्रिजमध्येच तर आहे" एवढ्यावर आपण निर्धास्त असतो, घोटाळा तिथेच होतो.

तेव्हा मांस घेतानाच ते कोणत्या दिवशी शिजणार हे ठरवायचं. ते खाली ठेवायचं की फ्रीझरला टाकायचं, किती मोठं पाकीट करायचं, धुवायचं की नाही, हे सगळं त्यावरूनच ठरतं.

आधी फ्रिज किती थंड आहे ते बघा

मांस ठेवायचं तर फ्रिजचा खालचा भाग ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड हवा आणि फ्रीझर उणे १८. फ्रिजच्या बटणावरचे १ ते ७ हे आकडे अंश नसतात. ५ वर ठेवलं म्हणजे ५ अंश असा समज मी स्वतः बरीच वर्षं बाळगून होते. बहुतेक फ्रिजमध्ये आकडा जितका मोठा तितका गारवा जास्त. पावसाळ्यात ३ वर ठेवलेलं बटण मे महिन्यात तसंच राहिलं, की दूध नासायला लागतं आणि आपण दूधवाल्याला बोल लावतो.

खरं तापमान कळायला फ्रिजमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर आणा. ताप मोजायचा चालत नाही, तो इतकं खालचं तापमान दाखवतच नाही. एक पेला पाणी मधल्या कप्प्यात ठेवून त्यात थर्मामीटर बुडवा, रात्रभर राहू द्या आणि सकाळी दूध काढायला दार उघडाल तेव्हा पहिल्याच झटक्यात आकडा वाचा. हवेत लटकवलेला थर्मामीटर दार उघडल्याबरोबर चढतो, पाण्यातला स्थिर राहतो. ६-७ अंश दिसले तर बटण वाढवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा.

फ्रीझरचा अंदाज आइस्क्रीमवरून येतो. तिथलं आइस्क्रीम चमचा सहज रुतेल इतकं मऊ असेल, तर तो उणे १८ ला पोचत नाही. फ्रिजच्या दारावरच्या स्टिकरवरचे तारे विजेच्या बिलाचे असतात, त्यांचा थंडपणाशी संबंध नाही. फ्रीझरच्या झाकणावर वेगळे छोटे तारे असतील तर ते मोजा: एक म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. सिंगल डोअरमध्ये एक-दोनच तारे असतील, तर मांस महिनोन्‌महिने साठवायचा बेत सोडून द्या, दोन-तीन आठवड्यांत संपवा. आणि आत बर्फाचा थर अर्ध्या सेंटिमीटरवर गेला की डीफ्रॉस्ट करा. सुरीने खरवडू नका, आतली गॅसची नळी फुटते.

बाजारात

भाजी, किराणा, नारळ सगळं उरकून मांस शेवटी घ्या. आमच्याकडे कोंबडी समोर कापतात, म्हणजे हातात येते तेव्हा ती चक्क गरम असते. मटणाचं तर धड पहाटेपासून टांगलेलं असतं. साधारण ५ ते ६० अंशांच्या मधलं तापमान जंतूंना फार मानवतं. मांस बाहेर राहिल्याचे एकूण तास दोनच्या वर जाऊ द्यायचे नाहीत, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात हा एक तास दुकान ते घर एवढ्यातच संपतो. तिथे आइस्क्रीम आणायची जाड थर्मलची पिशवी आणि तिच्यात गोठवलेल्या पाण्याची बाटली घेऊन जाणं हा शहाणपणा आहे, मटणवाला हसला तर हसू दे.

घरून स्टीलचा डबा न्या. पातळ काळ्या पिशवीला हाडाचं टोक लागलं की ती गळते, आणि ती अन्न ठेवण्यासाठी बनवलेलीही नसते. पिशवीतून आणलंच, तर त्याच पिशवीसकट फ्रिजमध्ये ढकलू नका.

दुकानातच सांगा: कलेजी वेगळी, वजडी वेगळी, रश्शाचे तुकडे वेगळे. हे सगळे वेगवेगळ्या वेगाने खराब होतात. बुधवारसाठी खिमा मात्र रविवारी करून घेऊ नका. अख्ख्या तुकड्यावर जंतू बहुतेक वरवर असतात, यंत्रातून फिरवला की ते सगळ्या खिम्यात मिसळतात.

धुवायचं की नाही

या मुद्द्यावर घराघरांत भांडणं होतात. अन्नसुरक्षेवाले सांगतात, कच्चं चिकन धुवूच नका. धुतल्याने जंतू मरत नाहीत आणि नळाच्या धारेखाली त्यांचे शिंतोडे सिंकभर, ओट्यावर, शेजारी निथळत ठेवलेल्या ताटांवर उडतात. चिकनवर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू सर्रास असतात. दोन्ही शिजवल्यावर मरतात, पण कोशिंबिरीच्या काकडीवर उडाले तर तिला कोण शिजवणार?

आता आपलं दुकान कसं असतं तेही पाहू. लाकडी ठोकळा, पिसं, हाडांचा भुगा. ते न धुता पातेल्यात टाका म्हटलं तर माझ्या सासूबाई मला घराबाहेर काढतील. मी काढलेला मधला मार्ग असा: ठेवण्याआधी धुवायचं नाही, शिजवायच्या आधी धुवायचं. ओलं मांस लवकर बुळबुळीत होतं आणि फ्रीझरमध्ये त्या पाण्याचाच बर्फ होतो. म्हणून आणल्यावर हाडाचा चुरा, पिसं हाताने वेचायची, कागदी टॉवेलने टिपायचं आणि डब्यात भरायचं. शिजवण्याआधी धुताना नळाखाली न धरता पातेल्यातल्या पाण्यात हलक्या हाताने खळबळायचं आणि पाणी हळूच सिंकमध्ये सोडायचं. मग सिंक, नळाची चावी आणि ओटा साबणाने घासायचा. नळाची चावी सगळेच विसरतात. ती आपण चिकनच्या हाताने उघडतो आणि हात धुतल्यावर त्याच चावीने बंद करतो.

हळद-मीठ लावून ठेवलं तर टिकतं, असं आपल्याकडे मानतात. हळदीच्या वासाने ते बरं वाटतं हे खरं, पण चमचाभर हळद-मिठाने चिकनचा एक दिवसही वाढत नाही. दह्यात मुरवलेलं चिकनही कच्चंच असतं, तेही दोन दिवसांत शिजायला हवं.

कोणत्या कप्प्यात

परदेशी सल्ल्यात सरळ लिहिलेलं असतं: कच्चं मांस सगळ्यांत खालच्या कप्प्यात. कारण बरोबर आहे, त्याचं पाणी गळलं तर खाली काही सापडू नये. पण तो सल्ला मोठ्या फ्रिजचा. आपल्या सिंगल डोअरमध्ये सगळ्यांत थंड जागा वर, फ्रीझरच्या खालच्या चिलर ट्रेमध्ये असते, आणि तळाला भाजीचा ड्रॉवर. सगळ्यांत खाली ठेवायचं म्हणजे कोथिंबिरीच्या शेजारी.

माझं एकदा असंच झालं. दुहेरी पिशवीत बांधलेलं चिकन चिलर ट्रेमध्ये ठेवलं होतं. रात्री गाठ सैल झाली. सकाळी बघते तर ट्रेच्या कोपऱ्यातून गुलाबी पाण्याचा ओघळ मधल्या काचेवर, तिथून कडेने खाली भाजीच्या ड्रॉवरच्या झाकणावर, आणि मग नेमका आतल्या पुदिन्यावर. वाटेत झाकण नसलेली दह्याची वाटी होती. सगळं फेकलं.

तेव्हापासून पिशवी बंद, उंच काठाचा आणि घट्ट झाकणाचा डबा सुरू. डबा गळत नसेल तर सिंगल डोअरमध्ये चिलर ट्रेच योग्य, कारण तिथे गारवा जास्त मिळतो. डबल डोअरमध्ये मात्र भाजीच्या ड्रॉवरच्या लगेच वरची काच घ्यावी, मागच्या बाजूला सरकवून. दारात कधीच नाही, ती फ्रिजमधली सगळ्यांत उबदार जागा. घरात न खाणारी माणसं असतील तर त्यांनाही तो डबा ओळखू यावा. आमचा निळ्या झाकणाचा आहे आणि त्यात दुसरं काहीही ठेवत नाही. त्यामुळे सासूबाईंचं विरजण आणि माझं मटण एका फ्रिजमध्ये विनातक्रार नांदतात.

एक किलो गरम मांस एकाच खोल डब्यात दाबून भरलं तर मधला गोळा थंड व्हायला कित्येक तास लागतात. पसरट दोन डब्यांत भरा.

किती दिवस

चिकन, खिमा, कलेजी, वजडी, भेजा, मासे: खालच्या भागात एक, फार तर दोन दिवस. मटणाच्या तुकड्यांना पुस्तकात ३ ते ५ दिवस दिलेले असतात. तो हिशोब कत्तलखान्यापासून घरापर्यंत थंडच राहिलेल्या मटणाचा आहे. आपलं मटण सकाळभर हवेत लटकलेलं, म्हणून मी दोनच दिवस धरते. शिजवल्यावर मात्र तोच रस्सा लगेच गार करून ठेवला तर तीन दिवस चांगला राहतो. म्हणून रविवारी जास्त आणलंच असेल, तर सगळं शिजवून टाकणं हा कच्चं सांभाळण्याहून सोपा उपाय आहे.

वासावर भरवसा ठेवायची आपल्याला सवय असते. आंबूस किंवा अमोनियासारखा वास, बोटाला तार येईल असा चिकटपणा, हिरवट झाक यांतलं काहीही दिसलं तर विचार न करता फेका. पण उलट खरं नाही. आजारी पाडणारे जंतू बहुधा वास सोडत नाहीत, वास येतो तो दुसऱ्या, सडवणाऱ्या जंतूंमुळे. शिवाय लिस्टेरिया नावाचा एक जंतू फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढतो, आणि गरोदर बाईला तो फार महागात पडतो. म्हणून वासापेक्षा दिवस मोजा. याउलट, मटणाच्या ढिगाच्या मधले तुकडे तपकिरी दिसले म्हणून घाबरू नका, हवा न मिळाल्याने तसा रंग येतो.

फ्रीझरचं पाकीट

बुधवारचं चिकन घरी आल्याबरोबर फ्रीझरला. मंगळवारी रात्री "आता उद्यापर्यंत टिकणार नाही" म्हणून टाकलं तर काही साधत नाही. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, फक्त झोपतात. जितके आत गेले तितकेच बाहेर निघणार.

मटणाचं थोडं वेगळं. बोकड कापल्यावर काही तासांत मांस ताठर होतं आणि मग हळूहळू सैल पडतं. ताठरण्याआधीच, अगदी गरम असताना ते गोठवलं, तर बर्फ सुटताना तुकडे आक्रसतात, भरपूर पाणी सोडतात आणि चामड्यासारखे होतात. "मटण निब्बर निघालं" म्हणून आपण खाटकाला दोष देतो, पण कधीकधी ती आपल्याच फ्रीझरची करामत असते. ताजं मटण साठवायचं असेल तर आधी एक दिवस खालच्या भागात ठेवा, मग फ्रीझरला टाका.

पाकीट करायची माझी पद्धत: एका वेळच्या भाजीला लागेल तेवढंच, आमच्याकडे अर्धा किलो, जाड झिपच्या पिशवीत भरायचं आणि ओट्यावर ठेवून तळहाताने वहीसारखं सपाट करायचं, दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचं. मग पिशवी एका कोपऱ्यात बोटभर उघडी ठेवून पाण्याच्या पातेल्यात हळूहळू बुडवायची. पाण्याच्या दाबाने आतली हवा वर निघून जाते आणि प्लॅस्टिक तुकड्यांना चिकटून बसतं. तोंड पाण्याच्या वर असतानाच बंद करायचं. हवा राहिली तर मांस सुकून त्यावर पांढुरके, खरखरीत डाग पडतात. ते खाल्ल्याने काही होत नाही, चव मात्र जाते. सपाट पाकीट लवकर गोठतं, त्यामुळे आत बर्फाचे स्फटिक बारीक राहतात आणि नंतर पाणी कमी सुटतं. पहिल्या दिवशी पाकिटं एकावर एक न रचता पसरून ठेवा, गोठली की पुस्तकांसारखी उभी लावा.

पाकिटावर चिकटपट्टी लावून लिहा: "चिकन, सुकं, अर्धा किलो" आणि तारीख. गोठल्यावर कलेजी आणि खिमा ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. उणे १८ ला चिकनचे तुकडे नऊ महिन्यांपर्यंत, मटण सहा, खिमा आणि कलेजी तीन-चार महिने चवीला बरे राहतात. मी कुठलंच पाकीट दोन महिन्यांपुढे जाऊ देत नाही. श्रावणाआधी गटारीला फ्रीझर रिकामा करायचा, हा नेम या कामी फार उपयोगी पडतो.

मासे

पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, म्हणून मे अखेरीस सुरमई-पापलेट भरून ठेवायची घाई होते. कोळणीकडूनच कल्ले आणि पोट साफ करून घ्या, माशाला नासायला तिथूनच सुरुवात होते. सुरमई, पापलेट, रावस, हलवा छान गोठतात. ओला बोंबील गोठवू नका. त्यात मुळातच पाणी इतकं असतं की बर्फ सुटल्यावर हातात नुसता लगदा येतो. तो त्याच दिवशी तळायचा. कोलंबी डोकी आणि काळा दोरा काढून, डब्यात बुडेल इतकं पाणी घालून गोठवा, सुकत नाही. बांगडा-तारलीसारखे तेलकट मासे दोन-तीन महिन्यांत खवट होतात, पापलेट थोडं जास्त टिकतं.

बांगडा, तारली आणि कुपा यांच्याबाबत आणखी एक गोष्ट. हे मासे उबदार जागी पडून राहिले तर त्यांत हिस्टामिन तयार होतं. ते तळल्याने जात नाही, कढीत उकळल्याने जात नाही, गोठवल्यानेही जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, अंगावर गांध्या उठतात, डोकं ठणकतं, आणि माणूस म्हणतो, "मला बांगड्याची ॲलर्जी आहे." बऱ्याचदा तो मासाच बाजारात किंवा गाडीत तापलेला असतो. हे मासे घेतले की थेट घरी यावं.

त्याच दिवशी रात्री करायचा मासा असेल तर चाळणीत बर्फाचे खडे, त्यावर पिशवीतला मासा, वरून पुन्हा बर्फ, आणि चाळणीखाली पातेलं असं फ्रिजमध्ये ठेवा. ४ अंशांपेक्षा ० अंशाला मासा बराच जास्त ताजा राहतो. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, जिवंत असतात. त्यांना हवाबंद डब्यात किंवा गोड्या पाण्यात बुडवून ठेवलं तर मरतात. वाडग्यात ठेवून ओलं फडकं झाका. टिचकी मारूनही मिटत नाही ती तिसरी टाकून द्या, आणि शिजल्यावर उघडत नाही तीही.

बर्फ सोडवताना

सकाळी ऑफिसला जाताना चिकन ओट्यावर काढून ठेवायचं आणि संध्याकाळी येऊन करायचं, ही पद्धत सोडा. आत बर्फ असतो तेव्हा बाहेरचा थर खोलीच्या तापमानाला कित्येक तास बसलेला असतो. आदल्या रात्री पाकीट ताटलीत ठेवून फ्रिजच्या खालच्या भागात काढा. अर्ध्या किलोचं सपाट पाकीट सकाळपर्यंत सुटतं. विसरलात तर बंद पाकीट थंड पाण्यात बुडवा आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला, तासाभरात काम होतं. गरम पाणी नको. मायक्रोवेव्हमध्ये सोडवलं तर लगेच शिजवा, कारण कडा तिथेच अर्धवट शिजायला लागतात. फ्रिजमध्ये सुटलेलं आणि थंडच असलेलं मांस बेत बदलल्यास पुन्हा गोठवता येतं, थोडं कोरडं होतं इतकंच. ओट्यावर सुटलेलं गोठवू नका.

पाणी सांडलंच तर आधी टिपून घ्या, मग साबणाने धुवा आणि शेवटी ४ लिटर पाण्यात मोठा चमचाभर साधं ब्लीच घालून पुसा. फ्रिजची काच बाहेर काढून थोडा वेळ राहू द्या, थंडगार काचेवर कढत पाणी ओतलं तर ती तडकते.

वीज गेली तर

दार उघडू नका. बंद फ्रिजचा खालचा भाग साधारण चार तास थंड राहतो. गच्च भरलेला मोठा फ्रीझर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास टिकतो, पण सिंगल डोअरच्या चपट्या कप्प्यावर एवढा भरवसा नको. वीज आल्यावर मांसात बर्फाचे खडे असतील किंवा ते ४ अंशांच्या आत असेल तर शिजवा किंवा पुन्हा गोठू द्या. त्याहून उबदार होऊन दोन तास गेले असतील तर फेका.

आपण घरी नसताना काय झालं हे कळायला एक युक्ती आहे. वाटीभर पाणी गोठवायचं आणि बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवायचं. मागच्या मे महिन्यात आम्ही पाच दिवस गावी गेलो होतो. परत आलो तेव्हा वीज होती, फ्रीझर थंड होता, सुरमईच्या तुकड्या दगडासारख्या कडक. नवरा म्हणाला, "बघ, काही झालेलं नाही." वाटी काढली तर नाणं तळाशी, वर स्वच्छ बर्फ. पाकिटंही जाळीच्या दांड्यांमध्ये लोंबून, त्याच आकारात पुन्हा गोठली होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, दीड दिवस वीज नव्हती." सव्वा किलो सुरमई आणि मटणाची दोन पाकिटं वर्तमानपत्रात गुंडाळली आणि घंटागाडी येईपर्यंत फ्रीझरमध्येच ठेवली, म्हणजे घरात वास सुटत नाही. नवरा सकाळी गाडीत टाकायला गेला तेव्हा त्याने पुन्हा एकदा पाकीट दाबून पाहिलंच.